मॅडम, 'हे' म्हणजे काय? : कॉलेज सर्वांना वापरता यावं म्हणून घालवलेले वीस महिने

जुलै २०२३. पहिल्या वर्षाचा संख्याशास्त्राचा दुसराच तास. फळ्यावर आलेख काढून मी समजावत होते, "हे इकडे सरकलं की ते असं वर जातं, आणि मग मधला भाग एवढा होतो." तास संपल्यावर पहिल्या बाकावरची मुलगी पांढरी काठी उघडत टेबलापाशी आली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "मॅडम, 'हे' म्हणजे काय? तासभर मला हे, ते, असं आणि एवढं, एवढंच ऐकू आलं."

त्या रात्री मी स्वतःच्या तासाचं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकलं. ती म्हणत होती ते खरं होतं. एकवीस वर्षं शिकवते आहे आणि चांगलं शिकवते असा माझा समज होता. खूप वेळ झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी बोलणं बदललं. "क्ष-अक्षावर गुण, य-अक्षावर विद्यार्थीसंख्या. डावीकडे वक्र जमिनीलगत आहे, साठ गुणांपाशी सर्वांत उंच आहे, तिथून उजवीकडे झपाट्याने उतरतो." याचा फायदा पहिल्या आठवड्यातच दिसला, तो शेवटच्या बाकावरच्या मुलांना. त्यांना फळा नीट दिसतच नव्हता, फक्त कोणी तसं बोललं नव्हतं. पण माझ्या तासापुरतं बोलणं सुधारून तिचं कॉलेज सुरळीत होणार नव्हतं. प्रवेशाचा अर्ज तिला दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागला होता. ग्रंथालयाच्या संगणकावर वाचक सॉफ्टवेअर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, नव्हतं. वेळापत्रकाची नोटीस तिला मैत्रिणीने फोनवर वाचून दाखवली होती.

मी प्राचार्यांना एक पानी अर्ज दिला. ते म्हणाले, "समिती नेमू. तुम्हीच समन्वयक व्हा." कार्यालयीन आदेश निघायला २३ दिवस लागले. आदेशात पाच नावं होती, सगळी प्राध्यापकांची, आणि पाचही जण जिने चढू शकणारे, बघू-ऐकू शकणारे. पहिल्या बैठकीत आम्ही दीड तास चर्चा केली आणि इतिवृत्तात 'रॅम्पची दुरुस्ती करावी' असं एकच वाक्य आलं. त्याच बैठकीत एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारलं, "पण अशी मुलं आहेत किती? एकच ना?"

प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. पुढच्या बैठकीला मी उत्तर तयार करून गेले. १९६२ मध्ये एड रॉबर्ट्स हा तरुण अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात शिकायला आला. पोलिओमुळे त्याला मानेखाली जवळजवळ काहीच हलवता येत नव्हतं आणि श्वासासाठी आयर्न लंग नावाचं यंत्र लागायचं. ते यंत्र मावेल अशी खोली वसतिगृहात नव्हती, म्हणून विद्यापीठाच्या आवारातल्या रुग्णालयात त्याची राहायची सोय केली. काही वर्षांत तिथे आणखी विद्यार्थी येऊन राहिले आणि पुढे त्यांच्याच चळवळीतून अपंग व्यक्तींच्या स्वतंत्र जगण्याचं केंद्र उभं राहिलं. पहिला आला तेव्हा तोही एकटाच होता. आमच्याकडे एकच मुलगी आहे, कारण बाकीच्यांनी आपलं फाटक बघूनच दुसरं काहीतरी ठरवलं असेल, असं मी म्हटलं. सहकाऱ्यांनी मान डोलावली. पुढे मापं घ्यायला तेच सर्वांत नियमित आले.

त्याच बैठकीत दुसरा ठराव मंजूर करून घेतला : समितीत तीन विद्यार्थी असतील. ती अंध मुलगी, व्हीलचेअर वापरणारी वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी आणि श्रवणयंत्र वापरणारा तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा. त्यांना बैठकीच्या दिवशी हजेरीची सूट द्यायचं पत्रही त्याच दिवशी काढलं. हे पत्र विसरू नका. नाहीतर ज्यांच्यासाठी समिती आहे त्यांचीच हजेरी कमी भरते.

मग एक गोष्ट घडली ती मला अजून बोचते. आस्थापना विभागातले भाऊसाहेब समितीचे कागद टाइप करत होते. पोलिओमुळे ते कुबडी घेऊन चालतात. टाइप करता करता म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? हजेरीपत्रक खाली ठेवता येईल का?" सही करायला ते रोज सकाळी पहिल्या मजल्यावर चढत होते. अकरा वर्षं. त्या अकरा वर्षांत मी त्यांना जिन्यावर किती वेळा ओलांडून पुढे गेले असेन! दुसऱ्या दिवशी हजेरीपत्रक तळमजल्यावर आलं. खर्च काहीही नाही, वेळ दहा मिनिटं. भाऊसाहेब समितीचे नववे सदस्य झाले आणि मोजायची टेप कायमची त्यांच्याकडे गेली.

ऑगस्ट-सप्टेंबरात पाच शनिवार दुपारी आम्ही आवार मोजलं. पैसे देऊन तज्ज्ञ बोलवावेत असा एक विचार होता, पण त्याचं दरपत्रक मंजूर होईपर्यंत सत्र संपलं असतं. आधी स्वतः मोजावं, मग तज्ज्ञाला बोलवावं, हा क्रम मला अजूनही बरोबर वाटतो, कारण तोवर काय विचारायचं ते आपल्याला कळलेलं असतं. इमारती सर्वांना वापरता याव्यात यासाठी आयएसओ २१५४२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, वेबसाइट आणि अ‍ॅपसाठी डब्ल्यूसीएजी. आपल्या भागात लागू असलेला कायदा आणि बांधकामाचे नियम आधी काढून ठेवा. टिपणीत त्या कलमाचा आकडा असला की फाइल लवकर हलते.

रॅम्पचा नियम सोपा आहे : १:१२. म्हणजे एक सेंटिमीटर चढायला निदान बारा सेंटिमीटर लांबी. आमच्या मुख्य इमारतीचं जोतं ४५ सेंटिमीटर उंच, म्हणजे रॅम्प कमीत कमी ५.४ मीटर हवा. होता २.७ मीटर. बरोबर निम्मा, म्हणजे चढ दुप्पट. इतकी वर्षं सगळे त्याला 'रॅम्प आहे' म्हणत आले होते. वाणिज्यची विद्यार्थिनी म्हणाली, "सर, मी यावरून कधीच एकटी चढलेले नाही. कोणीतरी ढकलायला लागतंच. आणि उतरताना मी पुढे बघत नाही, डोळे मिटते."

मोजायची एक साधी रीत सांगते. एक मीटर लांबीची सरळ फळी उतारावर ठेवायची, तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवायची आणि फळीचं खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचलायचं. त्या टोकाखाली जमिनीपर्यंतचं अंतर ८ सेंटिमीटरच्या आसपास आलं तर उतार ठीक. आमच्याकडे साडेसोळाच्या वर आलं.

दारं मोजताना आमची पहिल्या दिवशी चूक झाली. आम्ही चौकट मोजत होतो. मोजायची असते ती पल्ला पूर्ण उघडल्यावर उरणारी मोकळी वाट. ती निदान ८० सेंटिमीटर तरी हवी, जास्त असेल तर उत्तम. परीक्षा विभागाच्या दाराला दोन पल्ले होते आणि त्यातला एक कायम कडी लावून बंद. वाट उरायची ५८. फक्त वरची-खालची कडी काढली आणि काम झालं.

आवारात पिवळ्या उठावाच्या फरशा होत्या, त्यांचा आम्हाला थोडा अभिमानही होता. या फरशांची कल्पना सेइइची मियाके या जपानी माणसाची. १९६५ मध्ये त्यांनी ती तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवली गेली. उभ्या रेघा म्हणजे 'पुढे चला', गोल ठिपके म्हणजे 'थांबा, काहीतरी आहे'. आमच्याकडे बसवणाऱ्याने नक्षी शोभावी म्हणून एक रेघांची, एक ठिपक्यांची अशा आळीपाळीने बसवल्या होत्या. अंध विद्यार्थिनी त्यावरून चालली, चार पावलांवर थांबली, पुन्हा चालली, पुन्हा थांबली. शेवटी काठी बाजूला घेऊन म्हणाली, "हे मला दर फुटावर थांब म्हणतंय." ती वाट पुढे सूचनाफलकाच्या खांबाला जाऊन टेकत होती.

स्वच्छतागृहाबद्दल एवढंच लिहिते : 'राखीव' अशी पाटी असलेलं एक होतं. त्याला कुलूप होतं, किल्ली कार्यालयात होती आणि आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या होत्या. वाणिज्यच्या विद्यार्थिनीने त्या दिवशी सांगितलं की कॉलेजच्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नाही. आम्ही सगळे गप्प झालो. शिपाई मामांनी त्याच संध्याकाळी कोणालाही न विचारता सामान बाहेर काढलं. दार आत उघडत होतं, ते सुताराने बाहेर उघडणारं केलं. व्हीलचेअर वळायला आत दीड मीटरचं मोकळं वर्तुळ लागतं, त्यासाठी वॉशबेसिन सरकवावं लागलं. आडवे दांडे बसवले. ओढायची घंटीची दोरी पार जमिनीलगत येईल इतकी लांब ठेवली, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथपर्यंतच पोचतो. सगळं मिळून १९ दिवस.

मोजणीअखेर १४० नोंदी झाल्या. आकडा बघून हातपाय गळाले. मग त्यांचे तीन गट केले : पैसे न लागणाऱ्या, थोड्या पैशात होणाऱ्या आणि तोडफोड लागणाऱ्या. पहिल्या गटात जवळजवळ एक तृतीयांश नोंदी निघाल्या. कुंड्या हलवणं, सूचनाफलक खाली आणणं, कुलपं काढणं, मार्गिकेतल्या दुचाक्या हटवणं. त्यातलीच एक, पण सर्वांत अवघड, म्हणजे वर्गांची अदलाबदल. लिफ्ट होईपर्यंत वाणिज्यच्या त्या विद्यार्थिनीच्या तुकडीचे सगळे तास तळमजल्यावर आणायचे होते आणि तळमजल्यावरचा विभाग वीस वर्षं तिथे होता. तीन बैठका झाल्या, आवाजही चढले. शेवटी विद्यार्थिनीने नाही, तिच्या वर्गातल्या मुलांनी लेखी अर्ज दिला की रोज तिला उचलून नेण्याची जबाबदारी आम्हाला नको, तिलाही ती नको आहे. त्यानंतर अदलाबदल झाली. उचलून नेणं ही सोय नाही. उचलणाऱ्याचा पाय घसरू शकतो, आणि उचललं जाणाऱ्याला प्रत्येक वेळी कोणाच्या तरी हातात स्वतःला सोपवावं लागतं.

लिफ्टची फाइल ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि लिफ्ट सुरू झाली जानेवारी २०२५ मध्ये. या पंधरा महिन्यांतला मोठा वेळ बांधकामात गेला नाही, कागदांत गेला. आधी इमारत भार पेलेल का याचा अभियंत्याचा अहवाल, मग आराखड्याला मंजुरी, मग तीन दरपत्रकं आणि तुलनात्मक तक्ता. वित्त समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायची, आणि आमचा विषय विषयपत्रिकेत शेवटचा असल्यामुळे एकदा पुढे ढकलला गेला. पुढच्या वेळी मी सचिवांना आधी भेटून तो दुसऱ्या क्रमांकावर घेण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. एकूण खर्चातला अर्ध्याहून जास्त हिस्सा या एका लिफ्टचा होता. म्हणून सुरुवातीलाच दोन वेगळी लेखाशीर्षं मागून घ्या, नाहीतर लिफ्ट मंजूर होईपर्यंत दांडे आणि पाट्यांचे किरकोळ पैसेही अडकून राहतात.

दरपत्रकं आली तेव्हा एकातही बोलून मजला सांगणारी सोय किंवा ब्रेल बटणं नव्हती, कारण आमच्या मागणीपत्रातच ती नव्हती. ते परत पाठवून नवं काढलं. पाच आठवडे गेले आणि ही चूक पूर्णपणे माझी होती. मागणीपत्रात या गोष्टी स्पष्ट लिहा : आतली जागा निदान ११० बाय १४० सेंटिमीटर, बटणं जमिनीपासून ९० ते १२० सेंटिमीटरच्या पट्ट्यात, उठावाचे अंक आणि ब्रेल, मजल्याची घोषणा, आत दांडा, समोर आरसा. आरसा शोभेसाठी नसतो. ज्यांना व्हीलचेअर आत वळवता येत नाही त्यांना मागे बघत बाहेर यावं लागतं, त्यासाठी असतो.

तोवर तंत्रज्ञानाचं काम सुरू झालं होतं. ते मला सोपं वाटलं होतं. सोपं नव्हतं.

पहिली चाचणी आम्ही माऊस काढून घेऊन केली. कॉलेजची वेबसाइट उघडायची आणि फक्त टॅब, एंटर आणि बाणांच्या कळा वापरून परीक्षेचा अर्ज भरायचा. माझा तिसऱ्या मिनिटालाच रस्ता चुकला. कर्सर कुठे आहे ते दिसतच नव्हतं. मग अंध विद्यार्थिनीने एनव्हीडीए लावून तोच अर्ज ऐकवला. एनव्हीडीए हे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे. २००६ मध्ये मायकल करन या अंध तरुणाने ऑस्ट्रेलियात त्याची सुरुवात केली आणि जेम्स टेह हे त्यांचे मित्र, तेही अंध, लगेचच सोबत आले. ते मराठीही वाचतं. आमच्या अर्जावर ते म्हणत होतं, "एडिट, रिकामं. एडिट, रिकामं. एडिट, रिकामं." चौकटींना नावंच जोडलेली नव्हती. शेजारी 'आईचे नाव' असं छापलेलं दिसत होतं, पण ते त्या चौकटीशी जोडलेलं नव्हतं. शेवटी वाकडीतिकडी अक्षरं ओळखायचा कॅप्चा आला आणि ती थांबली. "इथून पुढे मी कधीच गेले नाही," ती म्हणाली.

वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीचं म्हणणं होतं की त्यांनी कोपऱ्यात व्हीलचेअरचं चिन्ह असलेलं बटण बसवलेलं आहे, त्यात सगळं येतं. त्या बटणाने अक्षरं मोठी व्हायची आणि रंग बदलायचे. चौकटींना नावं काही मिळत नव्हती. असं बटण कोणी विकायला आलं तर त्याला समोर बसवून वाचक सॉफ्टवेअरवर एक अर्ज पूर्ण भरून दाखवायला सांगा. आम्ही वार्षिक कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी, एप्रिल २०२४ मध्ये, दोन अटी घातल्या : डब्ल्यूसीएजी २.१ ची एए (तीनपैकी मधली) पातळी, आणि शेवटचा हप्ता आमच्या विद्यार्थ्यांनी तपासल्यावरच. दुसरी अट जास्त कामाची ठरली. आमचं काम चालू असतानाच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, २.२ ही पुढची आवृत्ती आली होती आणि तिच्यात लॉगिन करताना कोडी सोडवायला लावू नये असा निकष आहे. तो दाखवून कॅप्चा काढून घेतला. फिकट राखाडी अक्षरं गेली, कारण अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान ४.५:१ हवा. तो मोजायची साधनं मोफत मिळतात. पण स्वयंचलित तपासणी चित्राला वर्णन आहे की नाही एवढंच सांगते. ते वर्णन अर्थाचं आहे का हे माणसालाच ऐकावं लागतं. आमच्या एका चित्राचं वर्णन होतं, 'इमेज १४७'.

सगळ्यांत जास्त वाद झाला तो नोटिशींवर. आमच्याकडे नोटीस संगणकावर टाइप व्हायची, छापली जायची, सही-शिक्का व्हायचा आणि मग स्कॅन करून वेबसाइटवर चढायची. म्हणजे वाचता येणाऱ्या मजकुराचा आम्ही फोटो करून टाकत होतो. वाचक सॉफ्टवेअरला तिथे काहीच सापडत नाही. कार्यालय अधीक्षकांचं म्हणणं, "सही-शिक्क्याशिवाय नोटीस खरी कोण मानेल?" त्यांची काळजी रास्त होती, खोट्या नोटिशी फिरतात. तोडगा असा निघाला : मजकूर थेट पानावर टाकायचा आणि त्याखाली सही-शिक्क्याची स्कॅन प्रत जोडायची. यासाठी स्वतंत्र परिपत्रक काढलं, कारण तोंडी सांगितलेलं पहिल्याच घाईत विसरलं जातं.

मराठी नोट्सची गोष्ट त्याहून अवघड. बऱ्याच शिक्षकांच्या नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होत्या. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'माध्य' दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग असते. विद्यार्थिनीने एका सरांच्या नोट्स लावून दाखवल्या. तीस सेकंद नुसती अक्षरं, स्वल्पविराम आणि कंस ऐकू येत राहिले. सर खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "पंधरा वर्षांचं काम आहे माझं." त्या क्षणी मला कोणाचं जास्त वाईट वाटलं ते सांगता येणार नाही. परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, त्यामुळे रूपांतरानंतर प्रत्येक पान माणसाने वाचावं लागतं. एका सुट्टीत दोघा-तिघा विद्यार्थ्यांना मानधन देऊन सहा विषयांच्या नोट्स बदलल्या. नवीन मजकूर फक्त युनिकोडमध्ये, असा नियम केला.

माझ्या विषयातली सूत्रं चित्रं म्हणून चिकटवलेली होती. ती मी वर्डच्या समीकरण संपादकात नव्याने लिहिली आणि वेबपानांवर मॅथएमएल या गणिती सूत्रांसाठीच्या संकेतभाषेत टाकली, म्हणजे सूत्र भाग-भाग करून ऐकता येतं. एका सत्राच्या नोट्सना मला अकरा आठवडे लागले, रोज रात्री तासभर. ग्रंथपाल मॅडमना पुस्तकं स्कॅन करून देताना स्वामित्वहक्काची धास्ती होती. २०१३ मध्ये झालेला माराकेश करार अंध व छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी अशा प्रती करायला मोकळीक देणाराच आहे. आपल्या कायद्यातली तशी तरतूद छापून त्यांनी ती काउंटरवर लावली आणि निर्धास्तपणे काम सुरू केलं.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाने फार थोडं मागितलं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि मागच्या बाकावरून आलेला प्रश्न उत्तराआधी माइकवर पुन्हा सांगा. रेकॉर्ड केलेल्या तासांना आम्ही आपोआप होणारी उपशीर्षकं लावली, तेव्हा 'प्रमाण विचलन'चं त्यांनी 'प्रमाण विसर्जन' केलं होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो गोंधळून माझ्याकडे आला, तेव्हा कळलं. आता प्रत्येक विषयाचे दोन विद्यार्थी उपशीर्षकं तपासतात.

मार्च २०२४ मध्ये घडलेलं लिहायला अजून जड जातं. संगणकावरची एक तासाची अंतर्गत परीक्षा. अंध विद्यार्थिनीला वीस मिनिटं वाढीव मंजूर होती, आदेश फाइलला होता, पण पोर्टलमध्ये तिच्या नावापुढे वेळ वाढवायला आम्ही विसरलो. साठाव्या मिनिटाला प्रश्नपत्रिका आपोआप बंद झाली. वीसपैकी चौदा प्रश्न झाले होते. ती काही बोलली नाही. हेडफोन काढून गुंडाळत राहिली. फेरपरीक्षेची परवानगी मिळायला नऊ दिवस लागले आणि ते नऊ दिवस तिने इतर विषयांचा अभ्यास सोडून पुन्हा तोच अभ्यास केला. आता परीक्षेच्या दोन दिवस आधी तिच्याच लॉगिनने तिच्यासमोर नमुना परीक्षा उघडून घड्याळ ऐकवतो. आदेशाची प्रत फाइलला असणं आणि वेळ प्रत्यक्ष वाढलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नवा रॅम्प मे २०२४ मध्ये झाला. ५.६ मीटर, दोन्ही बाजूंना दोन उंचींवर कठडे, वर-खाली वळायला सपाट जागा, खरखरीत फरशी. उद्घाटन ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी वाणिज्यची विद्यार्थिनी तपासायला आली. रॅम्पच्या पायथ्याशी जुना रस्ता आणि नवी फरशी यांच्यात चार सेंटिमीटरची कड राहिली होती. खुर्चीची पुढची छोटी चाकं तिथे अडकली. ती मागे गेली, वेग घेऊन आली, पुन्हा अडकली. मग खुर्ची उलटी फिरवून मोठ्या चाकांनी चढायचा प्रयत्न केला. ठेकेदार उकिडवे बसले, त्या कडेला बोटं लावली आणि बराच वेळ तशीच धरून राहिले. "ताई, उद्या सकाळी हे नसेल," म्हणाले. रात्री त्यांनी स्वतः थांबून माल टाकला. तो सुकायला हवा म्हणून उद्घाटन चार दिवस पुढे गेलं. अंतिम बिलाआधी कामाचा दाखला समन्वयकाने द्यायचा असतो. तो दाखला रॅम्प वापरणाऱ्याने वापरून बघितल्याशिवाय देऊ नका.

जून २०२४ च्या प्रवेशपत्रिकेत आम्ही एक ओळ घातली : 'शिकताना किंवा परीक्षा देताना कोणतीही सोय लागत असल्यास कळवा, माहिती गोपनीय राहील.' सतरा जणांनी कळवलं. त्यातल्या बहुतेकांकडे बघून काहीच लक्षात आलं नसतं. डिस्लेक्सिया असलेला एक मुलगा म्हणाला, नोट्समधल्या ओळी दोन्ही कडांना ताणून बसवू नका, शब्दांमधलं अंतर कमीजास्त झालं की ओळ हरवते. एका मुलीला गर्दीत घाबरल्यासारखं होतं, तिला परीक्षेला दाराजवळची जागा हवी होती. दोन्ही त्याच दिवशी झालं. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो सतराचा आकडा स्वतः इतिवृत्तात घातला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मी समन्वयकपद सोडलं आणि फाइल नव्या सरांकडे दिली. १४० पैकी १०३ नोंदी पूर्ण, २२ चालू, १५ तशाच. फाइलसोबत एक वहीही दिली आहे. तिच्यात राखीव स्वच्छतागृहाची तपासणी दर सोमवारी कोण करतं, पिवळ्या फरशांवर गाड्या लागू नयेत हे कोण बघतं, लिफ्टच्या देखभालीचा करार कधी संपतो आणि त्याची टिपणी किती महिने आधी ठेवायची, एवढंच लिहिलेलं आहे. लिफ्ट एक दिवस बंद असली तरी आदल्या दिवशी त्या तुकडीला निरोप गेला पाहिजे. त्यासाठी लागणारे वर्ग आणि तास वहीच्या शेवटच्या पानावर आहेत.

वाणिज्यच्या विद्यार्थिनीची धाकटी बहीण यंदा विज्ञान शाखेला आली आहे. तीही व्हीलचेअर वापरते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले ओटे ९० सेंटिमीटर उंच आहेत आणि खाली कपाटं असल्यामुळे गुडघे आत जात नाहीत. एक ओटा तरी ७५ पर्यंत खाली आणायचा आहे, गॅसची चावी आणि नळ हाताशी आणायचे आहेत. समितीवर नसले तरी मला बोलावलं आहे. शनिवारी दुपारी दोन वाजता मापं घ्यायची आहेत. टेप भाऊसाहेब आणतील.